तेलाचा नमुना

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर खेकड्यांचा हंगाम संपायला बारा दिवस उरले होते. लिअँडरच्या बोटीच्या इंजिनातलं ऑइल दर आठवड्याला आपसूक वाढत होतं आणि तो त्यावर खूश होता. त्याची बायको सेलिना हिने मात्र ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक पुसून फडकं नाकाशी नेलं.

"अरे, ऑइल वाढत नाहीये, त्यात डिझेल उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाईल आणि भर समुद्रात इंजिन जाम होईल."

"तुला तर चहालाही डिझेलचा वास येतो."

"माझ्या बापाचा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, लिअँडर. नमुना तपासायला पाठव. रिपोर्ट येईपर्यंत मी तुला धक्क्यावरून हलू देणार नाही."

"हंगाम काय तुझ्या रिपोर्टसाठी थांबणार आहे?" तो कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः बाटली भरली आणि शहरात पाठवून दिली. चार दिवसांनी रिपोर्ट आला. ऑइल स्वच्छ होतं, डिझेलचा अंशही नव्हता. सेलिनाने ओशाळून त्याची माफी मागितली आणि त्याला मासळीच्या वड्या बांधून दिल्या.

तो समुद्रात गेल्याच्या तिसऱ्या दिवशी इंजिन जाम झालं आणि वाऱ्याने बोट खडकांवर नेऊन आपटली. बोटीच्या फळ्या मिळाल्या, लिअँडर मिळाला नाही.

महिन्याभराने सेलिनाने त्याची शेड आवरायला घेतली.

 

कोपऱ्यात नव्या ऑइलचा डबा होता. त्याचं सील फोडलेलं होतं आणि आतलं ऑइल फक्त बाटलीभर कमी झालं होतं.