‘खग्रास’चा ड्रमर

“बाबांना ‘ढुंढ्या’ म्हणायचं,” तेजश्रीने पुन्हा बजावलं. “अहो-जाहो केलंत की सगळं मुसळ केरात.”

“एकदम अरे-तुरे जड जाईल,” मास्तर म्हणाले आणि गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गुरुवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्यांनी एकच हट्ट धरला होता. त्याआधी पुंजाला भेटायचं, त्याची माफी मागायची.

ऐंशी साली बाबांनी, म्हणजे ढुंढिराजांनी, आणि त्यांच्या तीन मित्रांनी नाशकात ‘पाताळयंत्र’ नावाचा रॉक बँड काढला होता. त्यांची एकुलती एक रेकॉर्ड ‘खग्रास’. एका बाजूला एकच गाणं. ते संपेपर्यंत माझा कुकर होऊन भात निवतो, असं आई म्हणायची. रेकॉर्ड तेव्हा कुणी घेतली नाही ती नाहीच. आता कुठे परदेशातले चार खुळे ती शोधत होते, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. आजोबांनी रेकॉर्डसाठी पैसे दिले होते ते एका अटीवर. रामकुंडावर पूजा सांगणाऱ्या घराण्याच्या नावाशेजारी संबळवाल्याच्या पोराचं नाव छापायचं नाही. बाबा गप्प बसले. कव्हरवर तीनच नावं आली आणि ड्रम वाजवणारा पुंजा पुन्हा दिसला नाही.

तेजश्रीने खूप शोधलं. पुंजाचं सटाण्याकडचं घर केव्हाच विकलं गेलं होतं, पुढचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. बँडमधले बाकीचे दोघे तर कधीच गेले. शेवटी तिने पंचवटीतल्या एका क्लासमध्ये ड्रम शिकवणाऱ्या, सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणत अशा या गृहस्थांना गळ घातली. बाबांना आता दिसत नव्हतं, सोंग खपलं असतं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, बाबांचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, मग म्हणाले, “येतो.”

घरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते.

“ढुंढ्या,” मास्तरांनी हाक मारली. आवाज इतका बारीक, की तेजश्रीला वाटलं, घाबरले.

बाबांचे हात हवेत चाचपडले. मास्तरांनी ते धरले.

“किती रोडावलास रे!”

“तू तरी कुठे पैलवान राहिलास?”

“पुंजा, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं.” बाबांनी त्यांचे हात घट्ट धरले. “मी भ्यालो रे.”

पुढचं वाक्य तेजश्रीने मास्तरांकडून घोकून घेतलं होतं, झालं गेलं विसरून जा. मास्तर ते बोललेच नाहीत.

“लय लागलं होतं मला,” ते म्हणाले. “रेकॉर्ड हाती आली तर फोडीन म्हणायचो.”

तेजश्रीने डोळे वटारले. मास्तरांचं लक्षच नव्हतं.

“आणि आता?” बाबांनी विचारलं.

मास्तरांनी टीपॉयवर बोटांनी ‘खग्रास’चा ठेका धरला. बाबा मान डोलवायला लागले. मध्येच, जिथे रेकॉर्डवर नुसता बाबांचा ऑर्गन वाजतो, तिथे मास्तरांनी भलतंच काहीतरी भरलं. चुकले! तेजश्रीने ओठ चावला. पण बाबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“माफ केलं, ढुंढ्या,” मास्तर म्हणाले. “आता बरा हो मुकाट्याने.”

परतताना तेजश्रीचा जीव भांड्यात पडला होता. बापाला फसवल्याची टोचणी होतीच, पण त्यांचा इतका निवांत चेहरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“तुमचे उपकार कसे फेडू, मास्तर?”

मास्तरांनी रुमालाने डोळे टिपले. किती हळवा माणूस, तिला वाटलं.

मखमलाबाद रोडला त्यांच्या घरासमोर गाडी थांबली. ओट्यावर एक म्हातारी वाट बघत बसली होती.

“माझी थोरली बहीण,” मास्तर उतरता उतरता म्हणाले.

म्हातारी काठी टेकत फाटकापर्यंत आली.

“काय रे पुंजा,” तिने विचारलं, “वळखलं का त्या ढुंढिराजानं तुला?”