शंखपुष्पीला आवतण

या सौद्यात शेफालीला झोप मिळणार होती आणि सोनबाला टेकडी. विक्रमला काहीच मिळायचं नव्हतं, म्हणून त्याची परवानगी सगळ्यात उशिरा आली.

सोनबा मूळचा मांजरी गावचा. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि मुलानं, विक्रमनं, म्हाताऱ्याला कर्वेनगरात सहाव्या मजल्यावर आणून ठेवलं. उन्हाळ्यात एकदा सोनबा कुणाला न सांगता बसनं मांजरीला गेला, द्वारकाच्या, म्हणजे बहिणीच्या, ओट्यावर चहा पिऊन संध्याकाळी परत आला. "आबा हरवले होते," असं विक्रमनं सोसायटीभर सांगितलं आणि दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं.

आकडा घातल्याशिवाय ते बाहेरूनही उघडत नसे आणि आतूनही. उघडलं की विक्रमच्या फोनवर घंटी वाजे. आकडा चुकला, तरी वाजे. बायकोनं, शेफालीनं, दुधाला दार उघडलं की ऑफिसातून फोन हजर.

"कोण आलं होतं?"

"दूध."

"एवढा वेळ?"

"दोन पिशव्या होत्या."

दर रविवारी विक्रम आकडा बदले. जुना घालायचा, चांदणीचं बटण दाबायचं, नवा घालायचा. सोनबा समोर बसून बघत असे. नवा आकडा मात्र फक्त शेफालीच्या कानात सांगितला जाई, कारण दिवसभरचा पहारा तिचा. तिचं काम घरूनच लॅपटॉपवर चाले, भाजी दारात येई. शनिवार पेठेतल्या माहेरी ती दिवाळीपासून गेली नव्हती. "आबांना एकटं कसं सोडणार?" विक्रम म्हणे. तेही पटण्यासारखं होतं. तिच्या सँडलवर धूळ साचली होती आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

सोनबानं जेवताना विषय काढला.

"सूनबाईला शंखपुष्पी द्या. माझी आय द्यायची. मन थाऱ्यावर येतं, झोप लागती. टेकडीवर गवतात आसंल आत्ता. शर्टाच्या गुंडीएवढं निळं फूल."

"दुकानात बाटली मिळते की," विक्रम म्हणाला.

"बाटलीतलीला आवतण दिलेलं नसतंय."

मग सोनबानं रीत सांगितली. आदल्या संध्याकाळी जाऊन झाडापुढं अक्षता ठेवायच्या, उद्या न्यायला येतो म्हणायचं. पहाटे एकट्यानं जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मुळासकट उपटायची. मग वाटून दुधात. असं आणलं तरच गुण.

"म्हणजे गवताचीही अपॉइंटमेंट!"

"घरातल्यांपेक्षा मान आहे तिला," शेफाली ताटाकडं बघत म्हणाली.

"आणि आबा, तुम्ही पुन्हा मांजरी गाठलीत तर?"

"चप्पल घालून जानार हाय मी. पंख लावून न्हाई."

विक्रमनं दोन अटी घातल्या. संध्याकाळच्या आवतणाला तो स्वतः बरोबर जाणार. पहाटे दार शेफालीनं उघडायचं, आकडा आबांना कळू द्यायचा नाही.

"मी कशाला सांगू?" शेफाली म्हणाली. "एक तर यांच्यामागं फिरून माझे पाय मोडलेत."

"आणि दूध आधी मी पिणार. टेकडीवरचं काय काय उपटून आणतील, नेम नाही."

पहिल्या पहाटे विक्रम दोन्ही घंट्यांना उठून बसला. पुढं एक डोळा उघडू लागला. महिना संपेतो नुसता कान उरला. "जाताना एक, येताना एक," तो ऑफिसात सांगे. "म्हातारा घड्याळ आहे घड्याळ. तिसरी वाजली तरच उठेन."

दूध त्याला मानवलं. आता चाखायचा घोट राहिला नव्हता, पुरता पेला झाला होता. शेफाली मात्र होती तशीच जागी.

"गुण यायला येळ लागतो," सोनबा म्हणाला.

"कुणाकुणाला लवकर येतो," ती विक्रमचा पेला विसळत म्हणाली. "तुमचं औषध नाही हो आबा चांगलं. उगाच पहाटे उठवता."

"मग राहू दे."

"राहू कसं देता? सुरू केलंय ना?"

ही दोघांची रोजची कुरबूर. विक्रमला त्याचं समाधान वाटे. दोघांचं पटत नाही, म्हणजे पहारा पक्का.

एका संध्याकाळी शेफालीही टेकडीवर आली. माझ्यासाठी आणताय तर आवतण मीच देते, म्हणाली. वाकून तिनं निळ्या फुलांपुढं अक्षता ठेवल्या, ओठ हलवले.

"काय म्हणालीस गवताला?" विक्रमनं हसत विचारलं.

"उद्या निघायचंय म्हटलं."

पहाटे फोनवर घंटी वाजली. विक्रमनं कूस बदलली. आबा गेले.

अर्ध्या तासानं पुन्हा वाजली. आबा आले. त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं.

पडद्यातून ऊन आत आलं तेव्हा त्यानं चहासाठी हाक मारली. पुन्हा मारली. मग उठला. स्वयंपाकाचा ओटा कोरडा होता. सोनबाच्या खाटेवर चादरीची घडी होती. चपलांच्या कप्प्यात त्याचे एकट्याचे बूट होते आणि शेजारी धुळीत सँडलचे दोन स्वच्छ ठसे.

तो दाराकडं धावला. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी चार अक्षता ठेवल्या होत्या. त्यानं रविवारी स्वतः लावलेला आकडा घातला. चुकल्याचा लाल दिवा लागला.

आत उशाशी फोन वाजला. पहिली घंटी शेफालीची झाली होती, दुसरी सोनबाची. ही तिसरी त्याची होती.