मधलं टिंब

“आये, जरा हितं येऊन बस,” सोमनाथनं हाक मारली तेव्हा रतनबाई भाकरीचं पीठ मळत होती. त्याचे डोळे गेल्याला वर्ष झालं, एवढ्या दिवसांत पोरानं आपणहून कशालाच बोलावलं नव्हतं. ती पिठाचे हात पदराला पुसत तशीच आली.

वर्षभर कपाटात पडलेला लॅपटॉप टेबलावर उघडा होता. शेजारी दोन सीड्या. सोमनाथच्या कॉलेजातल्या मित्रानं, भोरच्या मोहसीननं, एसटीच्या कंडक्टरबरोबर त्या पानशेतला धाडल्या होत्या. पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यात होता. एकीवर बत्तीस लिहिलेलं, दुसरीवर चौसष्ट. दोन्हींतली एकच ह्या लॅपटॉपला चालणार होती, आणि कुठली ते पडद्यावर बघूनच कळणार होतं. मोहसीन रविवारी येतो म्हणाला होता, पण सोमनाथला तोवर दम निघेना.

आपल्याला इंग्रजी कुठलं वाचता येतंय, असं ती म्हणाली.

“आकडे येत्यात की. मोबाईल लावतीस न्हवं?”

कॉम्प्युटरचं चित्र शोधायचं, माऊसचं उजवं बटण दाबायचं, खाली येईल त्या यादीतलं शेवटचं नाव धरायचं. सोमनाथला सगळं पाठ होतं. तिच्या हाताला मात्र माऊसची सवय नव्हती. दोनदा भलतंच काहीतरी उघडलं. एरवी चिडणारा पोरगा आज चिडला नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिला. तिसऱ्यांदा अक्षरांनी भरलेलं पान आलं.

“तीन... दोन,” रतनबाईनं वाचलं.

“मग तोच आकडा लिवलेली सीडी दे.”

तिनं सीडी उचलली, पण त्याच्या हातात दिली नाही. पडद्याजवळ तोंड नेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“सोमा, हितं दोघांच्या मदी टिंब हाय. सीडीवर न्हाई.”

सोमनाथचा पुढे केलेला हात तसाच राहिला. “मग ते न्हवं, आये. ते मशीन किती जोरात चालतंय त्याचे मार्क. खाली बघ, अजून खाली.”

काचेवर बोट ठेवून ती एकेक ओळ उतरत गेली.

“सहा. चार. टिंब न्हाई.”

दुसरी सीडी आत गेली. प्रोग्राम बसत असल्याची हिरवी पट्टी कुठवर सरकली ते ती सांगत राहिली. पट्टी भरली आणि लॅपटॉपमधून एका बाप्याचा आवाज आला. सोमनाथनं चाचपत एक बटण दाबलं. आवाजानं पडद्यावरच्या एका चित्राखालचे दोन इंग्रजी शब्द वाचले, ‘रिसायकल बिन’. सोमनाथनं तेच पुन्हा एकदा ऐकलं.

“काय म्हनतंय रं?” रतनबाईनं भीत भीत विचारलं.

“कचऱ्याची पेटी,” तो म्हणाला. “म्या वाचलं, आये.”