मासोळ्यांसाठी दोन मिनिटं

कारखान्याचं पाणी तलावात शिरून मासोळ्या मेल्या, म्हणून चौऱ्याऐंशी साली भंडाऱ्यात परिसंवाद भरला. शास्त्रज्ञांनी विषाचं प्रमाण सांगितलं, नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी माशांचा जगण्याचा हक्क मान्य केला, कवींनी शोककविता वाचली. मग मासोळ्यांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मागे बसलेल्या धुरपता धिवरणीला बरं वाटलं. तीही उभी राहिली, आणि बाकीचे बसले तरी उभीच राहिली.

"सर, जाळं टाकाच्या आंधी माहा बाप रोज तलावातलं ओंजळभर पाणी पेत होता. तोही त्याच दिवशी गेला. त्याचं नाव घ्याल का?"

अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका चाळली.

"बाई, माणसाचा विषय उद्याच्या सत्रात आहे."

"मंग उद्या येतो."

"अवश्य या. पण उद्या माणूस आरोपी आहे."