डेस मॉइन्सहून परत

रॉय टेसमर गावात आलाय, हे डेल होर्वाथला टायरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं. शनिवारी जत्रेत ‘नॉर्थ पिअर’ या त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. तुम्हीही त्यांच्यातच होता ना एके काळी, असं गिऱ्हाइकाने सहज विचारलं. डेलने हातातला पाना भिंतीवर भिरकावला. बिचारं गिऱ्हाईक गाडी तयार होईपर्यंत बाहेर उन्हात उभं राहिलं.

‘नॉर्थ पिअर’ सुरू केला तो डेलने आणि रॉयने, इथेच, सँडस्कीच्या शाळेत असतानाच. रॉय गिटार वाजवायचा, डेल गायचा. बास गिटार घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ती डेलच्या शेजारच्या वेंडेल क्राउसच्या गळ्यात पडली. ड्रमर दर वर्षी बदलायचा. सहा वर्षं त्यांनी लग्नांत, बोलिंगच्या हॉलमध्ये, बियरच्या तंबूंत कार्यक्रम केले. गाणी गोड होती. तिघांचे आवाज एकमेकांत असे मिसळायचे की माणसं ग्लास खाली ठेवून ऐकायची. पहिली रेकॉर्ड कोणी विचारली नाही. दुसरीतलं एक गाणं अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रेडिओने उचललं आणि चाळीस शहरांचा दौरा ठरला.

तिसऱ्याच मुक्कामी, डेस मॉइन्सला, डेलचा घसा बसला. मोटेलच्या वरच्या मजल्यावर तो दोन दिवस पडून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वेंडेल आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. रॉयने दुसरा कोणी गायक बोलावलाय, म्हणाला. तुला काढलंय.

डेल बूट चढवायला लागला. रॉयची गिटार रॉयच्याच डोक्यात घालायची, एवढंच त्याला सुचत होतं. वेंडेलने त्याचे खांदे धरले. काही उपयोग नाही, ते व्हॅन घेऊन पुढे गेलेसुद्धा.

“मी त्यांना सांगितलं,” तो म्हणाला, “डेल नाही, तर मीपण नाही.”

दोघं बसने घरी आले.

पुढे ‘नॉर्थ पिअर’ खूप मोठा झाला. चौथी रेकॉर्ड तर घराघरात गेली. रॉयने एका मासिकात मुलाखत दिली. काही जणांना कष्ट झेपत नाहीत, त्यांना आईच्या हातचं जेवण आठवतं, असं त्यात होतं. डेलने मासिक फाडलं आणि तुकडे पायाखाली तुडवले. रॉयची दोन पत्रं आली. ती न फोडताच शेगडीत गेली. फोन आला, तर आवाज ओळखून त्याने रिसीव्हर आपटला.

तो राग पुढे निवला नाही. वाणसामानाच्या मोठ्या दुकानात रेडिओवर ते जुनं गाणं लागलं, तर डेल भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून बाहेर पडायचा. मुलीच्या लग्नात वाजवणाऱ्यांनी ते सुरू केलं, तेव्हा त्याने भिंतीतून वायर उपटली. त्या रात्री मुलगी रडली आणि बायको, आयरीन, आठवडाभर बहिणीकडे जाऊन राहिली. डेल पुन्हा कधी गायला नाही. चर्चमध्येही तोंड मिटून उभा राहायचा.

त्याचा विश्वास उरला तो एकट्या वेंडेलवर. मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला तो वेंडेलच. वेंडेलची होड्यांची शेड जळाली, तेव्हा डेलने सहा रविवार खपून नवं छप्पर घातलं. वेंडेलला कोणी मंद म्हटलं, तर डेल त्याला दार दाखवायचा. या माणसाने माझ्यासाठी सगळ्यावर पाणी सोडलं, असं तो पोरीला लहानपणापासून सांगत आला होता.

शनिवारी दुपारी त्याने ट्रक काढला. वेंडेलने परोपरीने समजावलं. तीस वर्षं झाली, आता कशाला उकरून काढतोस, तुझं ब्लडप्रेशर बघ. डेल ऐकेना, तेव्हा वेंडेलही ट्रकमध्ये शेजारी येऊन बसला.

स्टेजच्या मागे रॉय घडीच्या खुर्चीत बसून मक्याचं कणीस खात होता. जाड झाला होता, केस पांढरे. डेलला बघून तो उठला नाही.

तीस वर्षं मनात घोळवलेलं डेलने एका दमात सांगितलं. मी वर पडलो होतो, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि एक जिना चढून तोंडावर सांगायची तुझी छाती झाली नाही.

रॉय लालबुंद झाला. त्याने कणीस कचऱ्यात फेकलं.

“कोणी काढलं तुला? तू गेलास. सकाळच्या बसने, चोरासारखा. चार दिवस मी गायलो माझ्या फाटक्या आवाजात, लोकांनी बाटल्या मारल्या. दुसरा गायक पाचव्या दिवशी मिळाला, सेंट लुईसचा. परत ये म्हणून दोनदा पाया पडून लिहिलं तुला. आणि वर माझ्यावरच डोळे वटारतोस?”

“मी संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत होतो, रॉय.”

“खोटं. तुझी खोली रिकामी आहे असं आम्हाला...”

रॉय थांबला. पुढचं तो हळू बोलला. वेंडेलने सांगितलं होतं. मी जातो, त्याला समजावून घेऊन येतो, असंही म्हणाला होता.

दोघांनी वळून पाहिलं. वेंडेल तंबूच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

“मला घरी जायचं होतं,” तो म्हणाला. “एकट्याने परतायची लाज वाटत होती.”