मूळ आराखडा

सत्तर वर्षांपूर्वीचा मूळ आराखडा हाती लागला, तेव्हापासून आमच्या क्लबच्या गोल्फ मैदानाला जुनं रूप परत द्यायला मी दोन वर्षं हाडं झिजवत होतो. नवव्या होलसमोर मागाहून लावलेली झाडं काढली, बुजवलेला वाळूचा खड्डा पुन्हा खणला आणि सभासदांच्या शिव्या खाल्ल्या.

"अहो, चेंडू दर वेळी त्या खड्ड्यातच जातो! डोकं फिरलंय का तुमचं?" क्लबचे सचिव रोज माझ्यावर डाफरायचे.

मीही रोज तोच कागद त्यांच्या नाकासमोर नाचवायचो. "ज्यांनी मैदान आखलं, त्यांच्यापेक्षा तुम्ही शहाणे का?"

शेवटी वैतागून मी मैदान आखणाऱ्या त्या रचनाकारांच्या मुलीलाच बोलावून घेतलं. ऐंशीच्या घरातल्या बाई काठी टेकत नवव्या होलपाशी आल्या आणि त्यांनी वाळूच्या खड्ड्यावरून नजर फिरवली.

"हुबेहूब केलंत हो! मी लहान असताना अगदी अस्संच होतं."

मी सचिवांकडे वळून छाती फुगवली.

 

"हे सगळं निस्तरायला," बाई म्हणाल्या, "बाबांची पुढची अकरा वर्षं गेली."