पोचल्याचा फोन

"अंतर कमी झालं म्हणून पोचल्याचा फोन बंद करायचा नाही गं," आई म्हणाली, तेव्हा मृण्मयी हसली होती. "आई, या नव्या विमानाने नागपूर ते मेलबर्न चाळीस मिनिटं! फोन लागेपर्यंत तू घरात असशील."

तेव्हापासून आई दर गुरुवारी विमानाने मेलबर्नला मृण्मयीकडे यायची, नातीला तेल चोळून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची आणि जेवायला परत नागपुरात. आधी पोचल्याचा फोन बंद झाला. मग मधले फोनही थांबले, कारण गुरुवारी भेट व्हायचीच.

या गुरुवारी टबातलं पाणी दोनदा गार झालं, तरी आई आली नाही. फोनही उचलेना. शेवटी मृण्मयीने आईच्या शेजारी राहणाऱ्या ठोंबरेकाकूंना फोन लावला.

"कुसुम? ती तर तुझ्याकडेच आहे ना? गेल्या गुरुवारी गेली, तेव्हापासून दिसलीच नाही. म्हटलं, या वेळी नातीने ठेवून घेतलेलं दिसतंय."

"काकू, ती त्याच दिवशी परत निघाली होती."

फोनवर चपलांचा आवाज आला, आणि दार ठोठावल्याचा.

"मृण्मयी, कडी आतून आहे गं."

म्हणजे आई घरी पोचली होती. लेकीला उराशी धरून मृण्मयी काकूंच्या हाका ऐकत राहिली. उत्तर येत नव्हतं. विमान तिला चाळीस मिनिटांत त्या दाराशी नेणार होतं, पण आठवडा आधीच निघून गेला होता.

तुमच्याकडून कुणी नुकतंच घरी परतलं असेल, तर हे वाचन राहू द्या. पोचले का, तेवढं आधी विचारा.